दोन बाणांची पोती

कीबोर्डवर पूर्णविरामाच्या बटणावरच वरच्या बाजूला एक खूण असते, उजवीकडे तोंड केलेल्या बाणाच्या टोकासारखी. शाळेत आपण ती 'पेक्षा मोठा' म्हणून शिकतो आणि गणिताबरोबर विसरून जातो. मला मात्र ती विसरता आलेली नाही. आजही ती दिसली की आधी छातीत धस्स होतं आणि लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच जास्त वेळ टिकतं. घरचे चेष्टा करतात, म्हणतात, चांगलीभली बाई बटणाकडे बघून हसते. हसते तर हसते. त्या बटणापायी एका भल्या माणसाची अब्रू जाता जाता राहिली, आणि ती राहिली तेव्हा मी तिथे होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तुर्भ्याला, धान्य बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरीला लागले होते. सातारा भागातून रोज लॉऱ्या यायच्या. त्यांत व्यापाऱ्यांचा माल असायचाच, पण त्याच्या बरोबरीने घरगुती पोतीही असायची. बाजारात ओझी वाहणारी निम्मी माणसं तिकडची. त्यांची बिऱ्हाडं जुईनगरला, कोपरखैरण्याला, आणि शेतं गावाकडे भावाच्या ताब्यात. सुगी झाली की भाऊ ज्वारी पाठवायचा, घेवडा, शेंगा, कधी लोणच्याची बरणी गोणपाटात शिवून. ही पोती लॉरीतून उतरायची, आमच्या गोदामात थांबायची आणि तिथून टेम्पोने ज्याच्या त्याच्या दारात जायची.

पोत्यावर नाव क्वचितच असायचं. असायचा तो मार्का. ब्रशने, निळ्या किंवा तांबड्या रंगात काढलेली खूण. कुणाचा त्रिशूळ, कुणाचे दोन गोळे आणि मधे तिरपी रेघ, कुणाची फुली. नाव पुसलं जातं, पाण्यात फुटतं, वाचणाऱ्याला वाचता येतंच असं नाही. मार्का लांबून ओळखू येतो. सातारकडच्या एका गावच्या वरच्या आळीचा मार्का होता एकापुढे एक दोन बाण. बाण म्हणजे नुसती टोकं, दांडा नाही. ती पोती दर आठवड्याला यायची, बहुतेक शुक्रवारी, आणि सगळी जायची जुईनगरला. तिथल्या एका इमारतीत म्हणे त्या आळीतली इतकी माणसं राहत होती की जिन्यात गावचीच भांडणं चालायची.

गोदामाचे मालक खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या वडलांची भातशेती सिडकोत गेली, बदल्यात प्लॉट मिळाला आणि त्या प्लॉटवर त्यांनी गोदाम उभं केलं. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. तापट माणूस, पण मनाने मोकळा. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याने कम्प्युटर घेतला म्हणून त्यांनीही घेतला. दसऱ्याला त्याची पूजा केली, पडद्याला हार घातला आणि कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू पुढे कितीतरी दिवस माझ्या बोटांना लागत होतं. मी वाशीला एका क्लासमध्ये टायपिंग आणि थोडं डॉस, म्हणजे तेव्हाच्या कम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे ते, शिकले होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला त्या मशीनसमोर बसवलं.

मशीन बसवणारा माणूस स्कूटरवरून यायचा आणि कायम घाईत असायचा. त्याने मला एक बॅच फाइल करून दिली. बॅच फाइल म्हणजे कम्प्युटरने एकामागून एक काय काय करायचं ते लिहून ठेवलेली साधी फाइल. तिच्यात मालाची एकेक ओळ टाइप करायची, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'इको' हा शब्द लिहायचा. इको म्हणजे, पुढे जे लिहिलंय ते आहे तसं बोल. सगळं टाइप झालं की फाइल चालवायची, मग प्रिंटर किरकिर करत दिवसाची यादी छापायचा. दुसऱ्या दिवशी त्याच फाइलमध्ये कालच्या ओळी पुसून आजच्या लिहायच्या, कारण डिस्कवर जागा कमी. एवढ्यासाठी बॅच फाइलचा खटाटोप कशाला, नुसती यादी टाइप करून सरळ छापता आली असती, हे मला पुष्कळ पुढे कळलं. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आम्हाला असंच शिकवलंय. मी कपाळाला हात लावला.

मार्क्यांचं काय करायचं हेही मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, बटणांवर इतक्या खुणा आहेत, त्यातली जी मिळतीजुळती वाटेल ती टाका. मला ते फार आवडलं. फुलीला एक्स, दोन गोळ्यांना टक्क्याचं चिन्ह, आणि वरच्या आळीच्या दोन बाणांना हुबेहूब दोन बाण. ते तर जणू त्यांच्यासाठीच बटणावर छापले होते. मी प्रत्येक ओळीत आधी मार्का, मग ठिकाण, मग नग, माल, तारीख आणि लॉरीचा नंबर असं ओळीने टाकत गेले. नीटनेटकं काम करायची मला हौस होती.

थोडी गडबड पहिल्यापासून होती, पण ती गंमत म्हणून खपून गेली. टक्क्याचं चिन्ह कागदावर उमटायचंच नाही. ओळ छापली जायची, तिच्यातला मार्का तेवढा गायब. हमालांनी दोन दिवसांत आपली तोड काढली. ज्या ओळीत मार्का नाही ती दोन गोळेवाल्याची. ते बरोबर टेम्पोत माल चढवायचे, मग तक्रार कोण करणार. मीही कुणाला काही बोलले नाही, नव्या मशीनला नावं ठेवायची माझी काय छाती होती.

यादी एकदा छापली की ती मुकादमांच्या हातात जायची. मुकादम म्हणजे गोदामातल्या हमालांचे प्रमुख. सातारकडचे, पन्नाशीचे, अंगाने वाळके, पण पोतं उचलायला वाकले की बघणाऱ्याला वाटावं पोतंच हलकं आहे. आता ते स्वतः उचलत नसत, तरी पोत्यात अडकवायचा लोखंडी हुक त्यांच्या खांद्यावर असायचाच. मला ते ताई म्हणायचे, मी त्यांना मामा. दुपारी माझ्या डब्यात भाजी कमी दिसली तर आपल्या डब्यातला ठेचा काही न बोलता माझ्या झाकणात ठेवायचे. त्यांच्या ठेच्याने डोळ्यात पाणी यायचं आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

तर दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. एका शनिवारी सकाळी शेठ स्वतः यादी हातात घेऊन गोदामात फिरायला लागले. कम्प्युटर आल्यापासून त्यांना हा नवा छंद लागला होता. यादीतली ओळ वाचायची, पोतं शोधायचं, पेन्सिलने खूण करायची. फिरता फिरता ते दोन बाणांच्या पोत्यांपाशी थांबले. यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली. ही पोती यादीत नव्हतीच.

त्यांनी हमालांना विचारलं. हमालांनी सरळ सांगितलं, ही तर दर आठवड्याला येतात, मुकादम जुईनगरच्या टेम्पोत शेवटी चढवून देतात. शेठ माझ्या टेबलाशी आले आणि महिनाभराच्या याद्या मागितल्या. मी छापील कागदांच्या फायलीतून काढून दिल्या. त्यांनी एकेक कागद पालथा घातला. एकाही यादीत दोन बाण नव्हते, त्या आळीची एक ओळ नव्हती.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात याचा अर्थ एकच. कागदावर नसलेला माल लॉरीत चढतो, म्हणजे वाटेत कुणीतरी आपला खासगी धंदा चालवतंय. शेठनी मुकादमांना बोलावलं. मुकादम आले, काय विचारतायत ते त्यांना नीट उमगलंच नाही. होय म्हणाले, मीच पाठवतो. यादीत नसताना का पाठवता असं विचारल्यावर म्हणाले, घरचं धान्य आहे, कम्प्युटरात घेत नसतील असं वाटलं. मार्का ओळखीचा, माणसं ओळखीची, धान्य पडून राहिलं तर किडे लागतील, म्हणून दिलं पाठवून. खरं तेच ते सांगत होते, आणि ते खरं सांगणंच त्यांच्या अंगाशी येत होतं.

मी मधे पडले. म्हटलं, शेठ, मी त्या ओळी टाइप केल्या आहेत, मला आठवतंय. शेठ माझ्यावर चिडले नाहीत. उलट समजुतीने बोलले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्यांना वाटलं, मी मुकादमांना पाठीशी घालतेय.

"पोरी, तू टाकलास तं कागदावं का नाय?" ते म्हणाले. "मानूस खोटा बोलल. कम्प्युटर कोनाचा सोयरा नाय."

ड्रायव्हरजवळचं चलान, म्हणजे मालाचा कागद, शिक्का मारून त्याच लॉरीने परत जायचं, त्यामुळे आमच्याकडे पुरावा म्हणून होती ती फक्त छापलेली यादी. शेठनी साताऱ्याच्या बुकिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माल चलानवर लिहूनच पाठवलाय. शेठनी फोन ठेवला आणि म्हणाले, तो तर मुकादमाच्या शेजारच्या गावचा, तो दुसरं काय बोलणार. एकमेकांना धरून राहणं हा सातारकडच्या लोकांचा मोठा गुण, आणि त्या दिवशी त्याच गुणाने मुकादमांची साक्ष बुडवली. शेठच्या चेहऱ्यावर मला राग दिसत होता, पण रागापेक्षा जास्त एक अभिमान दिसत होता. आपल्या मशीनने आल्या आल्या चोर पकडून दिला याचा.

मुकादम वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा हुक काढला आणि शेठच्या टेबलावर ठेवला. हमालाने हुक उतरवून मालकासमोर ठेवला की बाकी काही बोलायचं उरत नाही.

"काम गेलं तर जाऊ द्या," मुकादम म्हणाले. "पर चोरी करून गेलो असं गावाला कळाय नको."

एवढं बोलून ते बाहेर जाऊन पोत्यांच्या थप्पीवर बसले. शेठ म्हणाले, संध्याकाळी युनियनच्या माणसाला बोलावतो, जे काय व्हायचं ते त्याच्यासमोर होईल. आणि ते जेवायला घरी निघून गेले. युनियनच्या माणसाला कळलं म्हणजे बाजाराला कळलं, आणि बाजाराला कळलं म्हणजे रात्रीच्या एसटीने ते गावाला पोचलं. मुकादमांकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

मी माझ्या खुर्चीत बसून होते. रडू येत होतं आणि संताप त्याहून जास्त येत होता. मी स्वतःला विचारत होते, खरंच टाइप केलं होतं का? की शुक्रवार, लॉरी उशिरा आली, घाईत राहून गेलं? एखाद्या शुक्रवारी राहील, दर शुक्रवारी कसं राहील? ते दोन बाण टाइप केल्याचं माझ्या बोटांना आठवत होतं. एक बोट शिफ्टवर, दुसरं पूर्णविरामाच्या बटणावर, टक टक.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. कालच्या ओळी सकाळीच पुसल्या होत्या; ती रिकामी बॅच फाइल उघडली आणि एकच ओळ टाइप केली. इको, दोन बाण, जुईनगर, नग, घेवडा, आजची तारीख, लॉरीचा नंबर. पडद्याला नाक लावून ती ओळ पुन्हा वाचली. होती. डोळ्यांसमोर होती. फाइल बंद केली, चालवली आणि प्रिंटरकडे बघत बसले. प्रिंटरने वरचं शीर्षक छापलं, खालची रेघ छापली आणि गप्प बसला. मधे काही नाही.

मी उठून कागद उजेडात धरला, जसं काही उजेडात दिसणार होतं. पण मला एकदम हलकं वाटलं. मी वेडी नव्हते. मी टाइप करत होते आणि हे डबडं ती ओळ खात होतं. तेवढ्याने मुकादम सुटत नव्हते, हेही लगेच लक्षात आलं. ओळ खाल्ली हे मी म्हणणार, आणि कम्प्युटर कुणाचा सोयरा नाही हे शेठ म्हणणार. मग मला प्रश्न पडला, खाल्ली तर गेली कुठे?

क्लासमध्ये आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं होतं ते 'डिर'. डिर लिहून एंटर मारलं की डिस्कवर कोणकोणत्या फाइली आहेत, त्या कधी बदलल्या, ते सगळं पडद्यावर उतरतं. मी डिर मारलं. नेहमीच्या फाइली दिसल्या, माझी बॅच फाइल दिसली. आणि तिच्या खाली, इंग्रजी अक्षरांत, एक फाइल होती जुईनगर नावाची. ती मी केलेली नव्हती. तिच्यापुढे आजचीच तारीख होती आणि वेळ होती आत्ताची, प्रिंटर गप्प बसला त्या मिनिटाची.

मी ती उघडायच्या आधी हात ओढणीला पुसले, हे मला स्पष्ट आठवतंय. 'टाइप जुईनगर', म्हणजे या फाइलमध्ये काय आहे ते दाखव, असं लिहिलं आणि एंटर मारलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या. ज्वारी, घेवडा, शेंगा, घेवडा, एक पत्र्याची ट्रंक. प्रत्येकीच्या शेवटी तारीख आणि लॉरीचा नंबर. दसऱ्यानंतरचा पहिला शुक्रवार, दुसरा, दिवाळीच्या आधीचा, नंतरचा. सगळ्यात खाली माझी आत्ताची खोटी ओळ. एकही नग कमी नव्हता. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय पडला, मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने हसले आणि त्याच हसण्यात रडले.

काय झालं होतं ते मला त्याच दुपारी अर्धं कळलं आणि उरलेलं सोमवारी. इको म्हणजे आहे तसं बोल, हे खरं. पण बाण दिसला की कम्प्युटर तो बोलत नाही, पाळतो. त्याच्या दृष्टीने एक बाण म्हणजे हुकूम आहे. पुढचं सगळं कागदावर न छापता बाणाच्या पुढे ज्याचं नाव आहे त्या फाइलमध्ये टाक. माझ्या ओळीत बाणाच्या पुढे ठिकाण होतं, जुईनगर. म्हणून त्याने जुईनगर नावाची फाइल केली आणि पोती तिच्यात नेऊन ठेवली. आणि नशीब बघा, एक बाण असता तर दर वेळी आधीचं पुसून त्याच्या जागी नवीन लिहिलं गेलं असतं, फक्त शेवटचं पोतं उरलं असतं. दोन बाणांचा हुकूम वेगळा आहे. जे आहे ते राहू दे, त्याच्या खाली जोडत जा. वरच्या आळीच्या कुठल्या म्हाताऱ्याने कधी काळी मार्क्याला एकाऐवजी दोन बाण काढले देव जाणे. त्याला मी मनातल्या मनात किती वेळा नमस्कार केलाय त्याची गणती नाही.

मी ती फाइल छापली आणि कागद घेऊन बाहेर धावले. मुकादम थप्पीवर तसेच बसले होते. मी धापा टाकत त्यांना सांगितलं, मामा, सापडलं, सगळं सापडलं. त्यांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. शेठना येऊ द्या, एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं ते आनंदाने उठतील. ते मात्र कागद मांडीवर धरून तसेच बसून राहिले.

शेठ आले ते अजून तावातच होते. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. खुर्ची ओढली, मशीनसमोर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा केलं. ओळ टाइप केली, त्यांना वाचायला लावली, चालवली. पुन्हा शीर्षक आणि रेघ, मधे काही नाही. मग जुईनगरची फाइल दाखवली, तिच्यात शेवटी आणखी एक ओळ वाढलेली. शेठनी मला ते तीनदा करायला लावलं. मग आपल्या कपाटातून लॉऱ्यांच्या डिझेलच्या पावत्या काढल्या आणि एकेक तारीख, एकेक नंबर जुळवत बसले. सगळे जुळले.

शेठ पावत्या बाजूला सारून बसले. त्या मशीनकडे असे बघत होते, जसं घरच्या माणसाने चारचौघांत तोंडघशी पाडावं. आता त्यांना अभिमान सोडायचा होता आणि तो असा सहज सुटणारा नव्हता. शेवटी ते उठले, टेबलावरचा हुक उचलला आणि दोन्ही हातांत धरून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. मुकादम उभे राहिले. शेठनी हुक त्यांच्यासमोर धरला.

"घ्या, मुकादम," ते म्हणाले. "कम्प्युटर खोटा नाय बोलला. पन आख्खा बी नाय बोलला. मीच उतावला झालो."

मुकादमांनी हुक घेतला, कपाळाला लावला आणि खांद्यावर अडकवला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ताई, त्या मशीननं पोती ठेवली होती तरी कुठं? मी म्हटलं, फाइलमध्ये. कुठल्या फाइलमध्ये, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिचं नाव जुईनगर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मिशी हलली.

"मंजी त्यानं बी माल जुईनगरलाच धाडला की," ते म्हणाले. "मग म्या येगळं काय केलं?"

शेठ खदखदून हसले. हमाल हसले. मी तर आधीपासूनच हसत होते. युनियनच्या माणसाला कुणी बोलावलं नाही. शेठनी समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी वडे आणि चहा मागवला, आणि मुकादमांच्या हातात पहिला ग्लास स्वतः दिला. इतका हलका झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. वडा खाता खाता मुकादम मला आपल्या गावच्या म्हशीची कसलीशी गोष्ट सांगत होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते बोलतायत एवढंच मला पुरे होतं.

सोमवारी स्कूटरवाला आला. मी त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्याने डोकं खाजवलं आणि उपाय सांगितला. असली चिन्हं अवतरणचिन्हांत घालायची, म्हणजे कम्प्युटर त्यांना हुकूम समजत नाही, नुसतं लिखाण समजतो. टक्क्याचं चिन्ह एकाऐवजी दोनदा टाइप करायचं, म्हणजे एक छापलं जातं. हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही. त्याला चहा द्यायचा की नाही याचा मी विचार करत होते, पण मन इतकं निवलं होतं की दिला.

त्या आठवड्यापासून यादीत वरच्या आळीचा मार्का दिसू लागला. दोन बाण आणि त्यांच्या दोन्ही अंगांना वरच्या बाजूला दोन दोन बारीक रेघा. हमालांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, हे मशीनसाठी आहे, तुम्ही लक्ष देऊ नका. मुकादमांनी मात्र लक्ष दिलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्या रेघा नीट बघितल्या आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पुढे थंडीत, नवी ज्वारी आली तेव्हा, एका शुक्रवारी मी लॉरीपाशी चलान घ्यायला गेले. हमाल पोती उतरवत होते. वरच्या आळीची पोती एकावर एक लागत होती, ताज्या निळ्या रंगात. मी बघितलं आणि तिथेच थांबले. प्रत्येक पोत्यावर दोन बाण होते, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना, ब्रशच्या टोकाने जपून काढलेल्या, दोन दोन बारीक रेघा.

मी मुकादमांकडे बघितलं. ते जरा ओशाळले.

"गावाला सांगून धाडलं," ते म्हणाले. "म्हणलं, बाणाला असे कान काढत जा. मंजी मशीन गिळत न्हाई, अन् कुणावर आळ बी येत न्हाई."

मी आत गेले, त्या ओळी टाइप केल्या आणि यादी छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि वरून खाली सरकवत नेलं. दोन बाणांपाशी बोट थांबलं. मग त्यांनी हमालांना जुईनगरचा टेम्पो मागे घ्यायला सांगितलं.